मासे येण्याआधीचा महिना: सायकल झालेली समुद्री टाकी कशी सांभाळावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५० लिटरची नवी समुद्री टाकी, खाली सम्प (फिल्टर आणि पंपांसाठीची खालची टाकी), आत ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला खडक) आणि अ‍ॅरागोनाइट वाळू. मासे न टाकता, बाटलीतले बॅक्टेरिया आणि अमोनियम क्लोराइड वापरून सायकल (अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढवणं) पूर्ण केली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएम (दहा लाखात ४० भाग). मासे मात्र अजून चार-पाच आठवडे आणायचे नाहीत. तोवर बॅक्टेरिया उपाशी मरतील का? पाणी बदललं तर सायकल मोडेल का? दिवे आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू ठेवायचे का? आणि वाळूवर तपकिरी थर धरायला लागलाय, त्याचं काय करायचं?

तुमची सगळी काळजी बॅक्टेरियांभोवती फिरते आहे, आणि या घडीला टाकीत सगळ्यात चिवट तेच आहेत. सायकल पूर्ण झाली म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारी यंत्रणा कामाला लागली, इतकंच. तापमान धरून राहतं का, उडालेलं पाणी रोज भरून निघतं का, वीज गेली तर सम्प उतू जातो का, येणारा मासा आजार घेऊन येतोय का, यातल्या कशाचंच उत्तर अमोनियाचं टेस्ट किट देत नाही. नव्या टाक्यांमध्ये मासे दगावलेले मी पाहिले ते बहुतेक याच कारणांनी. टाकी रिकामी असताना काही चुकलं तरी कोणाचा जीव जात नाही. म्हणून जे काही तपासायचं ते याच महिन्यात तपासून घ्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. लाइव्ह रॉक (समुद्रातला जिवंत खडक) वापरला असता तर त्यावर आधीच जीवसृष्टी असते, तिला खायला आणि थोडा उजेड लागतो, आणि तिच्याबरोबर नको ते पाहुणेही येतात. तुमचा रॉक ड्राय आहे, त्यामुळे पाटी जवळजवळ कोरी आहे. पुढे प्रवाळ ठेवायचे की फक्त मासे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त मासे असतील तर खालचे काही आकडे सैल धरले तरी चालतील. आणि मी टाकीत पाणी २१० लिटर धरतो, कारण वाळू आणि खडक बरीच जागा खातात. कोणताही डोस मोजताना टाकीवर छापलेला आकडा धरू नका.

आता बॅक्टेरिया. ते पाण्यात तरंगत नाहीत, खडकावर, वाळूवर, सम्पमधल्या मीडियावर (फिल्टरच्या सच्छिद्र तुकड्यांवर), अगदी पाइपच्या आतल्या भिंतीवरही चिकटून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही, अर्धं पाणी बदललं तरी नाही. अन्न कमी पडलं तर ते मंदावतात, चार दिवसांत मरत नाहीत. कित्येक आठवडे तसे राहू शकतात आणि अमोनिया मिळायला लागला की पुन्हा कामाला लागतात. त्यांना खरा धोका वेगळ्या गोष्टींचा आहे: कोरडं पडणं, प्रवाह थांबून ऑक्सिजन संपणं, क्लोरीनचं पाणी, अँटिबायोटिक औषधं. खडक नळाखाली धुऊन पुन्हा टाकीत ठेवणं हा त्यांना मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

शिवाय त्यांच्यावर पडणारा भार किती, तेही मोजून बघा. ४५ टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम कोरडं खाद्य घेतलं तर त्यात नायट्रोजन साधारण ०.०७ ग्रॅम असतो. तो सगळाच्या सगळा अमोनिया झाला असं धरलं तरी २१० लिटरमध्ये ०.४ पीपीएम होतो. क्लाउनफिशची छोटी जोडी दिवसाला १ ग्रॅमच्या आसपासही खात नाही. म्हणजे जी टाकी १ पीपीएम अमोनिया २४ तासांत संपवते, तिला पहिल्या दोन माशांचा भार काहीच नाही. तेव्हा रोज २ पीपीएम अमोनिया टाकत बसण्याचं काही कारण नाही. त्यातून फक्त नायट्रेट वाढतं. १ पीपीएम अमोनियामागे सुमारे ३.६ पीपीएम नायट्रेट तयार होतं, आणि तुमचे ४० पीपीएम असेच जमलेले आहेत.

मी अशा वेळी अमोनियाची बाटली बाजूला ठेवतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट टाकतो. अमोनियम क्लोराइडमधून फक्त नायट्रोजन मिळतो. खाद्यातून फॉस्फेटही येतं आणि सेंद्रिय पदार्थही, ज्यांच्यावर कुजवणारे दुसरे बॅक्टेरिया आणि बारीक किडे वाढतात. फक्त अमोनियावर चालवलेल्या ड्राय रॉकच्या टाकीत नायट्रेट ४० आणि फॉस्फेट शून्य असं विचित्र चित्र बरेचदा दिसतं. शून्य फॉस्फेट ऐकायला छान वाटतं, पण डायनोफ्लॅजेलेट्सना (चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो) तेच आवडतं, आणि एकदा ते बसले की महिने खातात. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम असलं की मी निश्चिंत असतो. याच्या उलटही होऊ शकतं: काही ड्राय रॉक स्वतःच फॉस्फेट सोडतात. म्हणून आधी मोजा आणि मगच चिमूट किती मोठी ते ठरवा. अमोनियासाठी कोळंबीचा तुकडा कुजवण्याच्या भानगडीत मात्र आता पडू नका, त्याचं प्रमाण हातात राहत नाही.

पाणी बदलायचंच आहे, आणि मोठ्या प्रमाणात. ५० टक्के बदललं की ४० चे २० होतील, आठवड्याने पुन्हा ५० टक्के बदललं की १०. दहा-दहा टक्क्यांनी तिथे पोचायला तेरा वेळा बदलावं लागेल. मासे असताना एवढा मोठा बदल करताना हात आखडता घ्यावा लागतो, आत्ता त्याची गरज नाही.

तुम्ही अल्कलिनिटीचा (पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचा) आकडा दिलेला नाही, आणि मला तोच सगळ्यात आधी हवा होता. नायट्रिफिकेशनमध्ये आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. अमोनियम क्लोराइडपासून ४० पीपीएम नायट्रेट तयार झालं असेल तर त्या वाटेत साधारण साडेतीन डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खर्ची पडले. मिठाचं मिश्रण ८.५ डीकेएचचं असेल तर टाकी आज ५ च्या जवळ असू शकते. पीएच खाली दिसतो म्हणून लोक पीएच वाढवणाऱ्या पावडरी ओततात. त्याऐवजी वर सांगितलेले दोन मोठे बदल केले तर नायट्रेट आणि अल्कलिनिटी दोन्ही जागेवर येतात. त्यानंतर ७.५ ते ९ डीकेएचमध्ये कुठेही स्थिर राहिली की पुरे. पहाटे पीएच ७.९ आणि संध्याकाळी ८.२ दिसला तर त्याच्या मागे लागू नका. बंद खोलीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तसं होतं, खिडकी उघडून बघा.

टेस्ट किटबद्दल एक आडवळण. नायट्रेटचे बरेच किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग रंग मोजतात. त्यामुळे पाण्यात थोडं जरी नायट्राइट शिल्लक असेल तर नायट्रेटचा आकडा भलताच फुगतो. तुमचं नायट्राइट खरोखर शून्य आहे, याची नव्या किटने एकदा खात्री करून घ्या. समुद्री पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, कारण पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. प्रश्न फक्त आकडा चुकण्याचा आहे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तुमच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडत असेल आणि पाच दिवस भरलं नाही, तर ३५ पीपीटीची (हजारात ३५ भाग) सॅलिनिटी ३८ च्या वर जाते. मग सहाव्या दिवशी घाईघाईने २० लिटर गोडं पाणी ओतलं की ती एकदम खाली येते. मासा कदाचित सोसेल, गोगलगायी आणि कोळंबी सोसत नाहीत. हे पाणी रोज भरायचं, ते आरओ-डीआय केलेलं (पडदा आणि रेझिनमधून गाळलेलं), शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं), आणि गोडं. खारं पाणी भरलं तर सॅलिनिटी चढतच जाईल. सम्प असल्यामुळे उडालेलं पाणी रिटर्न पंपाच्या (सम्पमधून पाणी वर टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातच कमी दिसतं. तिथे काचेवर खूण करा आणि रोज किती भरलं ते आठवडाभर लिहून ठेवा. तो आकडा कळला की ऑटो टॉप-अपसाठी (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रासाठी) भांडं केवढं हवं आणि घर बंद ठेवून किती दिवस बाहेर जाता येईल, दोन्ही कळतं. ऑटो टॉप-अप लावणार असाल तर आत्ताच लावा. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) अडकून सगळं भांडं टाकीत रिकामं होण्याचे प्रकार घडतात. म्हणून भांडं इतकंच ठेवा, की ते सगळं ओतलं गेलं तरी सॅलिनिटी दीड-दोन पीपीटीपेक्षा जास्त उतरणार नाही. तुमच्या टाकीला १० लिटरचं पुरे.

मोजायचं कशाने? रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्याच्या थेंबातून खारटपणा दाखवणारं उपकरण), आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून. फक्त आरओ पाण्यावर शून्य जुळवला तर वरच्या टोकाला फरक पडू शकतो, आणि आपल्याला वरचंच टोक वाचायचं असतं. हलत्या काट्याचा हायड्रोमीटर वापरत असाल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर तो जास्तच दाखवतो. ३५ पीपीटी म्हणजे २५ अंशांना साधारण १.०२६ विशिष्ट गुरुत्व. नवं पाणी कालवताना आधी पाणी घ्या आणि त्यात मीठ टाका, उलटं करू नका. पंप आणि हीटर लावून ते पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत फिरू द्या, मग मोजा.

आता यंत्रांची परीक्षा. एके दिवशी टाकीसमोर बसून मेन स्विच बंद करा आणि सम्पकडे बघत राहा. वरच्या टाकीतलं पाणी रिटर्न पाइपमधून उलटं खाली येईल. ते कुठे थांबतं? सम्पच्या काठाच्या खाली थांबत असेल तर नेहमीच्या पातळीची खूण पक्की करा. उतू जात असेल तर रिटर्नचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणा किंवा नेहमीची पातळी खाली ठेवा. नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका, त्यात कचरा अडकतो. मग वीज सुरू करा आणि सगळे पंप आपोआप चालू होतात का ते बघा. मोठ्या वेव्हमेकरपेक्षा (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपापेक्षा) कधी कधी छोटा पंपच अडून बसतो. वीज जास्त वेळ जाणार असेल तर माशांना पहिली अडचण तापमानाची येत नाही, ऑक्सिजनची येते. तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या आणि तो चालतो का ते याच महिन्यात बघा.

हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो आणि टाकी शिजवतो. बाहेरचा कंट्रोलर लावून त्यावर २६ अंश ठेवा आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा थांबवेल. पाण्याचं तापमान पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा आठवडाभर नोंदवा. दिवसभरात दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर मासे यायच्या आधी त्याचा बंदोबस्त करा. उष्ण खोलीत हीटरपेक्षा पृष्ठभागावर वारा देणारा पंखा जास्त कामाचा ठरतो, फक्त त्याने पाणी जास्त उडतं आणि टॉप-अपचा हिशोब बदलतो.

वाळूवरचा तपकिरी थर. भुकटीसारखा असेल, बोट फिरवलं की उडत असेल, तर तो डायटम्सचा (सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा). नव्या वाळूतून आणि पाण्यातून मिळणाऱ्या सिलिकेटवर ते वाढतात आणि सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत ओसरतात. यावर औषध नाही आणि लागतही नाही. रोज वाळू उपसू नका. आरओ-डीआयचा टीडीएस शून्य आहे का तेवढं तपासा, कारण डीआय रेझिन थकलं की सिलिकेट त्यातून सुटायला लागतं. थर चिकट असेल, शेंबडासारखे धागे आणि त्यांना बुडबुडे दिसत असतील, रात्री वाळू स्वच्छ आणि दुपारी पुन्हा घाण असं होत असेल, तर डायनोफ्लॅजेलेट्सचा संशय घ्या. थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, कागदी रुमालातून गाळा आणि ते पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा गुठळी जमली तर बहुधा डायनो. सूक्ष्मदर्शक मिळाला तर प्रश्नच मिटतो. जांभळट-लाल चादर सोलून निघत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, तिथे आधी प्रवाह वाढवून बघा.

दिव्यांबाबत दोन मतं आहेत. काही जण मासे येईपर्यंत टाकी पूर्ण अंधारात ठेवतात, म्हणजे शेवाळ दिसतच नाही. मला ते पटत नाही. उजेड आला की लाट येणारच, मग ती रिकाम्या टाकीत येऊन गेलेली बरी. तरीही प्रवाळ नसताना पूर्ण ताकदीचे दिवे दहा तास जाळण्यात अर्थ नाही. मंद उजेड, दिवसाला चार-पाच तास, टायमरवर. काचेवरचं शेवाळ पुसा, खडकावरचं राहू द्या.

स्किमर चालू ठेवा. फेस फारसा येणार नाही, कारण काढण्यासारखं काही पाण्यात नाही. तो सारखा वर-खाली करत बसू नका. हवा मिसळली जाते, तेवढा फायदा पुरे. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) लावला असेल तर तीन-चार दिवसांनी बदलत राहा. फिल्टरमधला कार्बन (कोळसा) आत्ता नको.

गोगलगायी आणि हर्मिट खेकडे आणायची घाई सगळ्यांना असते, टाकी रिकामी बघवत नाही म्हणून. शेवाळ नसताना त्यांना आणणं म्हणजे त्यांना उपाशी ठेवणं आहे. डायटम्स ओसरून हिरवा थर दिसू लागला की ट्रोकस किंवा सेरिथ जातीच्या चार-पाच गोगलगायी पुरे, आणि त्यांना थेंबथेंब पाणी देऊन सावकाश रुळवा. कोपेपॉड्स (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) सोडायला मात्र याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नाही: खाणारं कोणी नाही, खायला बारीक शेवाळ आहे. रात्री दिवे बंद करून, पंप थांबवून ते खडकाजवळ सोडा.

पण इथे एक मेख आहे. गोगलगायीच्या शंखावरून, प्रवाळाच्या बुडख्यावरून क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स, म्हणजे समुद्री इक, टाकीत येऊ शकतो. या परजीवीची माशाच्या अंगावरची अवस्था काही दिवसांची असते, नंतर तो कठीण पृष्ठभागावर कवच करून बसतो, आणि त्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांना थोड्याच काळात मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणूनच टाकी काही काळ माशांविना ठेवण्याचा उपाय चालतो. या क्षेत्रात ७६ दिवसांचा जुना दंडक आहे. पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर सुमारे ४५ दिवस पुरतात, असा सल्ला आता बरेच जण देतात. म्हणजे चौथ्या आठवड्यात गोगलगायी आणून पाचव्या आठवड्यात मासे सोडले तर त्या काळाचा काहीच उपयोग झाला नाही. एक तर गोगलगायी लवकर आणा आणि मासे पुढे ढकला, किंवा गोगलगायींनाही मासा नसलेल्या वेगळ्या डब्यात तेवढे दिवस ठेवा.

माशांच्या बाजूने बघितलं तर तुमचे चार-पाच आठवडे क्वारंटाइनला (नवे मासे वेगळे ठेवून आजार तपासायला) अगदी नेमके आहेत. मुख्य टाकीत महिन्याने मासे हवे असतील तर ते आजच आणून वेगळ्या टाकीत ठेवा. साधी काचेची टाकी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. खडक आणि वाळू तिथे नको, कारण ते औषधातलं तांबं शोषून घेतात. स्पंज आज सम्पमध्ये टाकून ठेवा, दोन-तीन आठवड्यांत त्यावर बॅक्टेरिया बसतील. तेवढा वेळ नसेल तर बाटलीतल्या बॅक्टेरियांची मदत घ्या आणि अमोनिया रोज तपासा. तांब्याचा उपचार करायचा झाला तर तो याच टाकीत, औषधाच्या पत्रकातल्या पातळीला, तांब्याच्या किटने मोजून. मुख्य टाकीत तांबं कधीही टाकू नका, गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळे त्याने मरतात. दोन्ही टाक्यांच्या जाळ्या, बादल्या वेगळ्या ठेवा. माझ्याकडे सल्ला मागणारे बरेच जण सायकलवर दोन महिने धीर धरतात आणि क्वारंटाइन मात्र गाळतात. एकच करणं शक्य असेल तर मी सायकल बाटलीवर उरकेन आणि क्वारंटाइन करेन.

शेवटच्या आठवड्यात चाचणी अशी घ्या. मासे सोडायच्या चार-पाच दिवस आधी १ पीपीएम अमोनिया टाका. २१० लिटरला अमोनियम क्लोराइडची पावडर साधारण ०.६६ ग्रॅम लागते. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील तर पुढे जा. अमोनिया थोडा उरला तर खाद्याच्या चिमट्या रोजच्या करा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा, सायकल पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. मग २० टक्के पाणी बदला, सॅलिनिटी आणि तापमान क्वारंटाइन टाकीशी जुळवा, आणि आधी फक्त एक जोडी सोडा. क्लाउनफिश असतील तर उत्तम. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी, आणि भांडखोर जाती सगळ्यात शेवटी. जोडी आत गेली की खाद्याच्या चिमट्या बंद करा, कारण आता खाद्य खाणारे आले आहेत. पहिले आठ दिवस अमोनिया रोज तपासा. त्या दिवसांत अल्कलिनिटीचा आकडाही मिळाला तर इथेच लिहा, मग प्रवाळांचं वेळापत्रक ठरवता येईल.